सोर्स उघडा, तयार बिल्ड बंद: कंपन्या असं का करतात?

मुळाकाठचा (सोमवार, रात्री ९:४०)

मंडळी, "ओपन सोर्स मेलं का हो" छापाच्या जिलब्या इथे भरपूर पडल्या आहेत. हा धागा तसला नाही.

कंपन्यांनी लायसन्स (कोड वापरायच्या अटी) बदलणं मी समजू शकतो. मोंगोडीबीने २०१८ मध्ये बदललं, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, हाशीकॉर्पने २०२३ मध्ये. आवडो न आवडो, तिथे निदान घोषणा होते, तारीख कळते, भांडायला काहीतरी ठोस मिळतं. अलीकडे मात्र वेगळाच प्रकार दिसतोय. लायसन्सला हात लावायचा नाही, कोड गिटहबवर तसाच ठेवायचा, आणि तयार माल, म्हणजे त्या कोडपासून बनवलेला, थेट चालवता येणारा बिल्ड, बाहेर सोडणं तेवढं थांबवायचं.

मिनआयओ हे डेटा साठवायचं सॉफ्टवेअर घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी कम्युनिटी आवृत्तीच्या डॉकर इमेज (लागणारं सगळं एकत्र बांधलेलं, लगेच चालणारं गाठोडं) आणि बायनरी (तयार प्रोग्रॅम) देणं बंद केलं. लायसन्स एजीपीएल हे ओपन सोर्सचंच, पण हवं तर सोर्स घ्या आणि स्वतः बिल्ड करा. तेही नेमकं एका सिक्युरिटी दुरुस्तीच्या वेळी, त्यामुळे दुरुस्ती कोडमध्ये आली आणि डॉकर हबवरची इमेज होती तशीच राहिली. तयार इमेज पुरवणाऱ्या बिटनामीचंही तेच. तिची मालक कंपनी ब्रॉडकॉमने २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांच्या बहुतेक मोफत इमेज 'लेगसी' नावाच्या कोपऱ्यात हलवल्या, जिथे पुढे अपडेट येणार नाहीत. चांगल्या, निगा राखलेल्या इमेज पैसे भरणाऱ्यांना. त्या इमेज बनवायच्या डॉकरफाइल मात्र अजून अपाची लायसन्सखाली उघड्या आहेत.

माझे प्रश्न दोन. कोड देता तर बिल्ड का नाही? ते तर मशीनच करतं ना, त्यात असा किती खर्च वाचतो? आणि दुसरा कामाचा: एखादं टूल घेताना हे आधी ओळखता येतं का? नव्या प्रोजेक्टसाठी मॅनेजरने "लाँग टर्म स्टेबल" टूलांची यादी मागितली आहे.

पोहेकर (सोमवार, रात्री ९:४४)

पैसा. धागा वाचनमात्र करायला हरकत नाही.

अर्धाचहा (सोमवार, रात्री ९:५१)

थांबा हो पोहेकर, सांताक्लाराकरांची सकाळ झाली की ते पॅरेच्या पॅरे लिहायला येतील. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

केळफूल (सोमवार, रात्री १०:१५)

आधी कायद्याचं बघू, कारण निम्मा राग इथल्या गैरसमजातून येतो.

कुठलंही ओपन सोर्स लायसन्स "तयार बायनरी देत राहीन" असं वचन देत नाही. जीपीएल कुटुंबातली लायसन्सं सांगतात ती उलट बाजू: बायनरी दिलीत तर सोर्सही द्या. अपाची, बीएसडी वगैरे तेवढंही बंधन घालत नाहीत. बायनरी हा पहिल्यापासून ऐच्छिक मामला. आपण त्याची सवय लावून घेतली.

रेड हॅटने २१ जून २०२३ ला हेच करून दाखवलं. त्यांनी सांगितलं की रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सशी संबंधित सोर्स यापुढे जाहीरपणे फक्त सेंटओएस स्ट्रीममध्ये मिळेल. नेमक्या रिलीजचा सोर्स ग्राहकांना त्यांच्या पोर्टलवर. जीपीएलचा भंग नाही, कारण ज्यांना बायनरी दिली त्यांना सोर्स मिळतोय. पण सबस्क्रिप्शनचा करार असा, की तो सोर्स बाहेर वाटलात तर पुढचं नातं तोडायचा हक्क कंपनीकडे. अक्षर पाळलं, भावना वाऱ्यावर. रेड हॅटची मोफत प्रतिकृती असलेल्या अल्मा लिनक्सने त्यानंतर "हुबेहूब तेच" हे ध्येय सोडून "त्यावर चालणारं इथेही चालेल" इतकंच ठेवलं. ओरॅकल, सूसे आणि सीआयक्यू यांनी मिळून तो सोर्स खुला ठेवायला ओपनईएलए ही संघटना काढली.

बाराखडी (सोमवार, रात्री १०:३२)

वाचतेय. मी बँकेत आहे, आयटीत नाही, पण नवरा गेले काही महिने याच विषयावर चिडलेला असतो. सोर्स आणि बिल्ड यात एवढा काय फरक, कुणी दोन ओळींत सांगेल का?

निवांत (सोमवार, रात्री १०:४०)

ताई, सोर्स म्हणजे पाककृती आणि बिल्ड म्हणजे भरून दारात आलेला डबा. वही अजून उघडीच आहे, डबेवाला तेवढा बंद झालाय. नवरोबा रोज डब्यावर जेवत होते.

अर्धाचहा (सोमवार, रात्री १०:४२)

या धाग्यावर यापुढे उपमा फक्त नाश्त्याला मिळेल.

सांताक्लाराकर (मंगळवार, सकाळी ७:०५)

अर्धाचहा, आलो. घ्या पॅरे.

मी इकडे अशाच एका स्टार्टअपमध्ये होतो. नाव नको. दर सोमवारच्या मीटिंगला पहिली स्लाइड असायची डाउनलोडची. गुंतवणूकदाराला तीच दाखवायची, कारण विक्री नव्हतीच. त्या काळात कुणी रिलीज एक दिवस उशिरा करू म्हटलं तरी संस्थापकाच्या कपाळाला आठ्या. पुढे पैसे उभे राहिले, विक्रीची माणसं आली, आणि ती स्लाइड आधी मधे, मग शेवटी सरकली. पहिल्या जागी नवी स्लाइड आली: "मोफत वापरणाऱ्या मोठ्या कंपन्या". नावं वाचून तुम्हाला घेरी येईल. सगळे प्रॉडक्शनमध्ये वापरतायत, कुणी मेलला उत्तर देत नाही.

मुळाकाठचा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या स्लाइडमध्ये आहे. मोफत बिल्ड हा मार्केटिंगचा खर्च होता. डेव्हलपरने विनापरवानगी लॅपटॉपवर टाकावं, आवडावं, मग ते हळूच कंपनीत शिरावं, यासाठी केलेला. ते काम फत्ते झालं की तोच मोफत बिल्ड विक्रीच्या आड येतो. विक्रीवाला फोन करतो तेव्हा समोरचा म्हणतो, "आमचं चाललंय की, घ्यायचं कशाला?" इमेज बंद झाल्यावर तोच माणूस स्वतःहून फोन करतो.

लायसन्स बदलण्यापेक्षा हा मार्ग कंपन्यांना का आवडतो, तेही सांगतो. लायसन्स बदललं की बातमी होते आणि फोर्क होतो, म्हणजे जुना कोड घेऊन दुसरे लोक वेगळा प्रोजेक्ट काढतात. हाशीकॉर्पने १० ऑगस्ट २०२३ ला टेराफॉर्म हे सर्व्हर उभारायचं टूल बंधनं असलेल्या बिझनेस सोर्स लायसन्सवर नेलं, सप्टेंबरमध्ये त्याचा फोर्क ओपनटोफू लिनक्स फाउंडेशनकडे पोचलंसुद्धा. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी सोडलं आणि आठवडाभरात त्याचा फोर्क वाल्की उभं राहिलं, मागे एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचा क्लाउड), गूगल, ओरॅकल. बिल्ड बंद केलं तर फोर्क कशाचा करणार? कोड तर उघडाच आहे. लोक चार दिवस कुरकुरतात आणि पाचव्या दिवशी पर्चेसकडे जातात.

बाकी, मूळ आजार क्लाउडवाल्यांचा, म्हणजे सर्व्हर आणि सेवा भाड्याने देणाऱ्या बड्या कंपन्यांचा आहे. टूलवाले कोड लिहिणार, क्लाउडवाले तोच सर्व्हिस म्हणून विकणार. इलॅस्टिक आणि एडब्ल्यूएसचं भांडण सगळ्यांनी पाहिलंय.

जुनाखोड (मंगळवार, सकाळी ८:२०)

स्लाइडचा भाग पटला, शेवटचा पॅरा नाही. क्लाउडवाल्यांचं नाव पुढे करणं ही आता फॅशन झाली आहे. इलॅस्टिक, मोंगो, रेडिस यांच्याबाबतीत ते खरं मानू. टेराफॉर्मचं काय? तिथे ओपनटोफूसाठी पुढे आलेल्या कंपन्या स्पेसलिफ्ट, एन्व्हझीरो अशा लहान लहान. बिटनामीच्या इमेज तर मुळात दुसऱ्यांचीच सॉफ्टवेअरं, नीट पॅक केलेली. पोस्टग्रेस, रेडिस, काफ्का, सगळं परक्याचं. त्यांना कोणता क्लाउड लुटत होता?

मला वाटतं, मालक कोण आहे आणि तो कधी बदलला ते बघा. बिटनामी २०१९ मध्ये व्हीएमवेअरने घेतली, नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ब्रॉडकॉमच्या पोटात गेली. पपेट हे सर्व्हर सांभाळायचं टूल २०२२ मध्ये पर्फोर्सकडे गेलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं की नवीन पॅकेजं २०२५ पासून बंद दाराआड मिळतील. नवा मालक हिशोबाच्या वहीत प्रत्येक ओळीपुढे "यातून येतं किती?" असं लिहितो. मोफत इमेजच्या ओळीपुढे शून्य येतं, आणि ती उभी करणारा माणूस तोवर राजीनामा देऊन गेलेला असतो.

हे काही आजचं नाही. सनने सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमचा कोड २००५ मध्ये ओपनसोलारिस म्हणून उघडला. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन घेतली. त्या ऑगस्टमध्ये कंपनीचा अंतर्गत मेमो बाहेर फुटला आणि त्यातून लोकांना कळलं की रोजचा सोर्स बाहेर येणं आता बंद. आम्ही तेव्हा सर्व्हरवर झेडएफएस या फाइल सिस्टिमसाठी तेच चालवत होतो. मोकळा उरलेला कोड घेऊन इल्युमॉस त्याच महिन्यात सुरू झालं आणि ते आजही जिवंत आहे.

पोहेकर (मंगळवार, सकाळी ८:२६)

म्हणजे पैसाच. मी काल रात्रीच म्हटलं होतं.

संत्रानगरी (मंगळवार, सकाळी ९:०२)

भाऊ, ओरॅकलचं नाव निघालंच आहे तर अवांतर: २०१९ मध्ये जावा ८ चे सार्वजनिक अपडेट व्यावसायिक वापरासाठी बंद झाले, तेव्हा आमच्याकडे प्रत्येक मशीनवर फिरून जावाची कोणती किट (जेडीके) आहे ते पाहायचं काम मलाच मिळालं होतं. ओपनजेडीकेचे बिल्ड इतर लोक देऊ लागले म्हणून वाचलो. चालू द्या.

निवांत (मंगळवार, दुपारी १:१०)

"बिल्ड तर मशीनच करतं ना" यावर जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, कारण हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय. पुण्यातल्या एका प्रॉडक्ट कंपनीत मी रिलीज बघायचो. आमचंही टूल ओपन सोर्स होतं.

कंपाइल करणं हा सगळ्यात स्वस्त भाग. इंटेल आणि आर्म दोन्हींसाठी बिल्ड, डेब आणि आरपीएम पॅकेजं, कंटेनर इमेज, प्रत्येकाची डिजिटल सही, सहीच्या किल्ल्या कुणाच्या ताब्यात याची नोंद, जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर अपग्रेड होतं का याची चाचणी. ही मांडामांड एकदा जमली की जमते. खरं दुखणं इमेज बाहेर पडल्यानंतर सुरू होतं.

इमेजच्या खाली डेबियन किंवा अल्पाइन लिनक्सचा थर असतो. त्यात ओपनएसएसएल, जीलिबसी, झेडलिब अशा लायब्ररी, सगळं आलं. आमच्या कोडमध्ये एक ओळ बदलली नसली तरी त्यातल्या कशात तरी दर आठवड्याला नवा सीव्हीई (जाहीर नोंद झालेला सुरक्षादोष) निघतो. मग ग्राहकाचा स्कॅनर लाल होतो, त्याची सिक्युरिटी टीम तो चाळीस पानी पीडीएफ जशाच्या तसा आमच्या इश्यू ट्रॅकरवर चिकटवते. त्यातले बहुतेक दोष आमच्या वापरात लागूच नसतात, पण "लागू नाही" हे प्रत्येकाला लेखी पटवून द्यावं लागतं. कोडला लायसन्समध्ये "जसं आहे तसं" असं संरक्षण आहे. इमेजलाही कागदावर आहेच, पण तिच्यावर तुमचं नाव आलं की आतल्या प्रत्येक लायब्ररीचा जाब लोक तुम्हालाच विचारतात.

एकदा शुक्रवारी संध्याकाळी एका मोठ्या बँकेच्या माणसाने इश्यू टाकला: "प्रॉडक्शन डाउन, काइंडली डू द नीडफुल ऑन प्रायॉरिटी." कंपनीने आम्हाला एक रुपया दिलेला नव्हता. आमच्यातल्या पोराने रात्र जागून नवीन इमेज काढली. सोमवारी त्यांचा शेरा आला की रिलीज नोट्सचा फॉरमॅट त्यांच्या ऑडिटला चालत नाही.

त्यामुळे मुळाकाठचा, सर्व्हरचा खर्च फारसा वाचत नाही. वाचतात ती माणसं. आमच्याकडे शेवटी जे लोक हे बघायचे त्यांना पैसेवाल्या आवृत्तीवर हलवलं आणि मोफत इमेज आपोआप शिळी पडत गेली. बंद करायचा निर्णय कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

बाराखडी (मंगळवार, दुपारी १:१८)

ती बँक आमची नव्हती ना? आमच्याकडे "डू द नीडफुल" शिवाय मेल पाठवतच नाहीत.

निवांत (मंगळवार, दुपारी १:२१)

व्यक्तिगत निरोपातही (व्यनि) सांगणार नाही.

आडवाट (मंगळवार, दुपारी ३:४५)

निवांत यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे.

क्यूटी या स्क्रीन बनवायच्या टूलकिटचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. आम्ही गाड्यांच्या डॅशबोर्डचं काम करतो, त्यात क्यूटी असतंच. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी सांगितलं की दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या एलटीएस रिलीज फक्त पैसेवाल्यांना, आणि तयार इन्स्टॉलरसाठी खातं काढावं लागेल. २०२१ च्या सुरुवातीपासून ५.१५ आवृत्तीला तो नियम लागला. म्हणजे नवीन आवृत्ती सगळ्यांना, जुनीच्या दुरुस्त्या विकत. आणि गाडीवाल्यांना नेमकी जुनीच हवी असते. एकदा पास झालेलं सॉफ्टवेअर ते वर्षानुवर्षं बदलत नाहीत. कंपनीने बरोबर तिथेच बोट ठेवलं.

पण क्यूटीवर लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीईवाल्यांनी फार पूर्वी करार करून ठेवलाय: क्यूटीने मोफत आवृत्ती बाहेर काढणं एका मर्यादेपलीकडे थांबवलं, तर कोड बीएसडीसारख्या सैल लायसन्सखाली खुला करायचा हक्क त्यांच्या फाउंडेशनला मिळतो. हा कागद नसता तर काय झालं असतं कोण जाणे. दरम्यान केडीईने ५.१५ साठी स्वतःचा दुरुस्त्यांचा गठ्ठा सांभाळला.

केळफूल (मंगळवार, संध्याकाळी ६:३०)

आडवाट, उत्तम उदाहरण. हाच माझा मुद्दा होता, की शब्द द्यायचा असेल तर कागदावर द्यावा लागतो.

असा आणखी एक जुना किस्सा, जीआरसिक्युरिटीचा. लिनक्स कर्नल घट्ट करणारे पॅच. एका एम्बेडेड क्षेत्रातल्या कंपनीने त्यांचं नाव वापरून जुनाट, मोडतोड केलेला कोड विकला असं त्यांचं म्हणणं. २०१५ मध्ये त्यांनी स्थिर पॅच फक्त प्रायोजकांपुरते ठेवले, एप्रिल २०१७ मध्ये चाचणीचे पॅचही बंद केले. इथे क्लाउडही नाही, मालकही बदललेला नाही. नुसता उबग आणि नावाची काळजी. जुनाखोड, तुमचं सूत्र इथे लागत नाही.

जुनाखोड (मंगळवार, संध्याकाळी ६:५२)

मान्य, पण ते माणूसप्रधान काम होतं. मी बोलतोय गुंतवणूकदार असलेल्या कंपन्यांबद्दल. आणि मिनआयओबद्दल म्हणाल तर तिथे मालक बदलला नाही, पण जानेवारी २०२२ मध्ये दहा कोटी डॉलरहून जास्त गुंतवणूक आली आणि कंपनीची किंमत अब्ज डॉलर ठरली. अब्ज डॉलरची कंपनी डाउनलोडच्या आकड्यावर किती दिवस चालेल? मे २०२५ च्या सुमारास मोफत आवृत्तीच्या वेब कन्सोलमधून अ‍ॅडमिनचा भाग काढला, ऑक्टोबरमध्ये इमेज गेल्या, डिसेंबरमध्ये ती आवृत्ती फक्त देखभालीपुरती असं जाहीर केलं. पायऱ्या मोजून घ्या. पहिल्या पायरीला ज्यांनी "कन्सोल काय, कमांड लाइन आहे की" म्हणून सोडून दिलं, ते तिसऱ्या पायरीला धावपळ करत होते.

सांताक्लाराकर (मंगळवार, रात्री ९:३०)

जुनाखोड, "गुंतवणूक आली" हा काय गुन्हा आहे का? त्या पैशातूनच तर इतकी वर्षं लोकांना फुकट मिळालं.

जुनाखोड (मंगळवार, रात्री ९:३८)

गुन्हा कुठे म्हटलं? परतफेडीची तारीख कुणी सांगत नाही, एवढंच म्हणतोय.

संत्रानगरी (मंगळवार, रात्री ९:४१)

बे, तुम्ही दोघं एकदा भेटा अन् तर्री पोहे खा.

पोहेकर (मंगळवार, रात्री ९:४२)

मला बोलावलंत का?

रात्रपाळी (बुधवार, पहाटे ४:१५)

नाव सार्थ करतोय. आमच्याकडचा प्रकार. इमेज कोणाची ते सोडा. क्लस्टर (सर्व्हरांचा गट) महिनोन्महिने शांत चालू होतं, कुणी काही बदललं नव्हतं. मध्यरात्री लोड वाढला, ऑटोस्केलरने आपोआप नवीन नोड (सर्व्हर) उभा केला. जुन्या नोडवर इमेज आधीच उतरलेली होती, नव्यावर ती रजिस्ट्रीतून (इमेजच्या कोठारातून) आणायची. रजिस्ट्री म्हणते असा टॅगच (आवृत्तीचं नावच) नाही. पॉड 'इमेजपुलबॅकऑफ'मध्ये, म्हणजे इमेज मिळेना म्हणून अडकलेले, एकामागून एक. बंद होणार असल्याचा मेल ज्या पत्त्यावर आला होता तो माणूस कंपनी सोडून गेलेला.

लोकांना हे समजत नाही की बंद झाल्याच्या दिवशी काहीच होत नाही. पुढच्या रिस्टार्टला होतं. बिटनामीवाल्यांनी निदान एक बरं केलं, शेवटच्या तारखेआधी काही इमेज ठरवून चोवीस तासांपुरत्या गायब करून दाखवल्या. शिव्या खाल्ल्या, पण ज्यांच्याकडे अलार्म लावलेले होते ते जागे झाले.

ओवी_क (बुधवार, सकाळी १०:२०)

धाग्यावर "फाउंडेशनकडे असलेलं टूल घ्या म्हणजे सुरक्षित" असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच लिहिते. लिंकरडी हे सर्व्हिसांमधली वाहतूक सांभाळणारं टूल, सीएनसीएफ या क्लाउड टूलांच्या फाउंडेशनचं 'ग्रॅज्युएटेड' प्रोजेक्ट, म्हणजे सगळ्यात वरची पायरी. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये ते बनवणाऱ्या बॉयंट कंपनीने सांगितलं की स्थिर रिलीजचे बिल्ड आता ओपन सोर्स प्रोजेक्टकडून येणार नाहीत. ताज्या बदलांचे 'एज' बिल्ड मोफत मिळतील. स्थिर आवृत्ती प्रॉडक्शनमध्ये हवी असेल आणि कंपनीत पन्नासहून जास्त माणसं असतील, तर पैसे.

फाउंडेशन ट्रेडमार्क सांभाळतं, कोड सांभाळतं. बिल्ड काढणारा माणूस तिथेही कुणाच्या तरी पगारावर असतो. लिंकरडीचे जवळपास सगळे मेंटेनर एकाच कंपनीचे.

मला स्वतःला त्यांचा निर्णय प्रामाणिक वाटला. कुणी भरायचं, कुणी नाही, हे स्पष्ट आणि मर्यादाही समजण्यासारखी. "कम्युनिटीच्या भल्यासाठी" वगैरे साखर पेरली नसती तर इतर कंपन्यांनाही कमी शिव्या पडल्या असत्या.

केळफूल (बुधवार, सकाळी ११:०५)

+१ ओवी. भर एवढीच, की प्रोजेक्टला कोड देताना सीएलएवर (कोड देणाऱ्याशी केलेल्या करारावर) सही घेतात का ते बघावं. सीएलएने कंपनीला तुमचा कोड हव्या त्या लायसन्सखाली द्यायचा हक्क मिळतो. पण सीएलए नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. रेडिस बीएसडीखाली होतं आणि बीएसडीत तो हक्क जवळजवळ सगळ्यांनाच असतो.

आता युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदाही आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तो लागू झाला. दोष कळवायची जबाबदारी सप्टेंबर २०२६ पासून, बाकी बहुतेक डिसेंबर २०२७ पासून. धंद्यासाठी बाजारात आणलेल्या सॉफ्टवेअरला तो लागतो, निव्वळ हौशी ओपन सोर्सला नाही, आणि फाउंडेशनसारख्यांसाठी हलक्या जबाबदाऱ्यांचा वेगळा गट आहे. पुढे कुणी "कायद्यामुळे मोफत बिल्ड बंद" म्हणालं तर त्यातलं किती खरं ते तपासून बघा.

मुळाकाठचा (बुधवार, दुपारी १२:४०)

धागा माझ्या अपेक्षेपेक्षा फारच भारी चाललाय. एक शंका. इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय परत आणला. म्हणजे ओरड केली की कंपन्या नमतात?

जुनाखोड (बुधवार, दुपारी १:०२)

ओरडीने नाही, ग्राहक दुसरीकडे जाऊ लागले की. ओपनसर्च (इलॅस्टिकचा फोर्क) आणि वाल्कीमागे धनदांडगे होते म्हणून. ते नसतील तर फोर्क म्हणजे चार थकलेली माणसं आणि एक चॅट ग्रुप.

ओवी_क (बुधवार, दुपारी १:१५)

चार थकलेली माणसंही बरंच करतात हो. पपेटसारखंच टूल बनवणाऱ्या शेफने २०१९ मध्ये सगळा कोड अपाचीखाली उघडला आणि बायनरीला व्यावसायिक अटी लावल्या, म्हणजे या धाग्याचा विषय तेव्हाच घडून गेलाय. लोकांनी त्याच कोडचे बिल्ड 'सिंक' नावाने काढायला घेतले. 'सिंक इज नॉट शेफ' हाच त्याचा फुलफॉर्म. पपेटसाठी व्हॉक्स पुपुली या वापरणाऱ्यांच्या गटातल्या मंडळींनी ओपनव्हॉक्स काढलं. तिथे कुठला एडब्ल्यूएस आलाय? सांताक्लाराकर म्हणतात "फोर्क कशाचा करणार", त्याचं उत्तर हे. बिल्डचाच करायचा.

सांताक्लाराकर (बुधवार, रात्री ८:५०)

ओवी, सिंक आणि ओपनव्हॉक्सबद्दल कौतुक आहेच. पण ज्या मोठ्या कंपन्यांना विकायचं असतं त्या असल्या बिल्डवर सही करत नाहीत. त्यांच्या सिक्युरिटीला फोन करायला एक नंबर लागतो. विक्रीच्या दृष्टीने बिल्ड बंद करणं तेवढ्यासाठी पुरतं.

रात्रपाळी (बुधवार, रात्री ११:५५)

आणि पैसे द्यायचे म्हटले तरी आपल्याकडे ते जमत नाही हा वेगळाच विनोद. आम्ही एका टूलच्या मेंटेनरला वर्षाला थोडी रक्कम द्यावी असं सुचवलं. पर्चेस म्हणालं व्हेंडर कोड लागेल. व्हेंडर कोडला जीएसटी नंबर लागेल. तो बाबा परदेशात, त्याच्याकडे स्पॉन्सरचं बटण फक्त. फायनान्सने विचारलं, "जे फुकट मिळतंय त्याची पीओ (परचेस ऑर्डर) कशी काढायची?" प्रश्न बिनतोड होता. आता त्या टूलची पैसेवाली आवृत्ती आली तर तेच लोक दहापट रक्कम मुकाट भरतील, कारण इनव्हॉइस येईल.

आडवाट (गुरुवार, सकाळी ९:१०)

रात्रपाळी, अगदी अगदी. झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस/फंड काढला, वर्षाला दहा लाख डॉलर ओपन सोर्स प्रोजेक्टांना द्यायचे म्हणून. भारतातून असं होताना बघून बरं वाटलं. पण असा फंड कुणी फायद्यातल्या, स्वतःच मालक असलेल्या लोकांनीच काढायचा. आपल्या सर्व्हिस कंपन्यांत हे बिलेबल नाही म्हणून पहिल्या मीटिंगलाच उडेल.

निवांत (गुरुवार, सकाळी ९:४८)

मुळाकाठचा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून लिहितो.

आधी ओळखता येतं का? थोडंफार. गेल्या सहा महिन्यांतल्या रिलीज कुणी काढल्या ती नावं बघा आणि ती माणसं कुठे नोकरी करतात ते बघा. सगळी एकाच कंपनीत असतील तर लायसन्स कोणतंही असो, बिल्डचा नळ त्या कंपनीच्या हातात आहे. पोस्टग्रेसचं बघा, वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं आहेत, एक गेली तर दुसरी रिलीज काढते. मग कंपनी पैसे कशावर मिळवते ते बघा. सपोर्टवर मिळवत असेल तर मोफत बिल्ड तिला पोसतं. तेच सॉफ्टवेअर थोडं सजवून विकत असेल तर आज ना उद्या मोफत बिल्ड तिला नडणार. आणि जुनाखोड म्हणाले तशा पायऱ्या बघा. मोफत आवृत्तीतून एखादी सोय चुपचाप काढली गेली की मी पर्याय शोधायला लागतो.

"लाँग टर्म स्टेबल" यादी देऊच नका. त्याऐवजी प्रत्येक टूलपुढे लिहा: बिल्ड उद्या बंद झालं तर आपल्याकडे स्वतः बिल्ड करायची सोय आहे का. बाहेरची इमेज थेट प्रॉडक्शनमध्ये ओढू नका, आपल्या रजिस्ट्रीत मिरर करा (प्रत ठेवा), त्यासाठी हार्बर वगैरे चालेल. टॅगवर विसंबू नका, डायजेस्ट (नेमक्या त्या इमेजची न बदलणारी खूण) लिहा. महत्त्वाच्या टूलांचा सोर्समधून बिल्ड सीआयमध्ये (आपोआप बिल्ड आणि चाचणी करणाऱ्या यंत्रणेत) तिमाहीतून एकदा तरी चालवून बघा. गो भाषेत लिहिलेलं असेल तर सोपं जातं, सी प्लस प्लस असेल तर आदल्या दिवशी नीट झोपून या. मिररने वेळ मिळतो, दुरुस्त्या मिळत नाहीत, हे मॅनेजरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो "झालं की काम" म्हणून विषय संपवेल.

पोहेकर (गुरुवार, सकाळी ९:५५)

निवांत, यावर वेगळा लेख लिहा. पुढील लेखनास शुभेच्छा. (हे मी गंभीरपणे म्हणतोय, नोंद घ्यावी.)

बाराखडी (गुरुवार, सकाळी १०:३०)

नवऱ्याला धागा वाचायला दिला. म्हणाला डायजेस्टचं तो केव्हापासून सांगतोय, कुणी ऐकत नाही. रात्रपाळींचा पीओचा किस्सा मी आमच्या ऑफिसात सांगितला, तर पर्चेसवाल्या मॅडमना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मुळाकाठचा (गुरुवार, दुपारी २:०५)

सगळ्यांचे आभार. यादीत "रिलीज कोण काढतं" हा रकाना घातला आणि पहिल्याच फेरीत निम्म्या टूलांपुढे एकेका कंपनीचंच नाव आलं. मॅनेजरने विचारलं, मग पैसेवाली आवृत्ती किती पडते? म्हणजे सांताक्लाराकरांची ती स्लाइड आमच्यावर लागू पडली म्हणायची.

मिररचं काम पुढच्या स्प्रिंटमध्ये घेतलंय. निवांत, सोर्समधून बिल्ड केल्यावर सही कशी करता? त्याची स्क्रिप्ट असेल तर व्यनि कराल का?

निवांत (गुरुवार, दुपारी २:३०)

केला आहे. किल्ल्या बदलण्याचा भाग जुना आहे, तेवढा तपासून वापरा.